उघड्यावर झोपणाऱ्यांना उचलून न्यावं की नाही?

म्हापशेकार
नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मागोमाग नाताळ. पणजीच्या कदंब स्टँडवर आणि मार्केटच्या व्हरांड्यात झोपणाऱ्यांना त्याआधी एकदाच काय ते गाडीत घालून निवाऱ्यात न्यावं, हे माझं स्पष्ट मत. जखमेत अळ्या पडलेला माणूस पावसात कुडकुडतो, त्यात कसलं आलंय व्यक्तिस्वातंत्र्य? भीक प्रतिबंधाचा गोव्याचा १९७२चा कायदा आहे, तो वापरा. बाकीचे भायले, म्हणजे बाहेरून आलेले, त्यांना गाडीत बसवून गावी पाठवा.

सावळी
भिकेसाठीचा कायदा झोपण्याला कसा लावणार? व्हरांड्यात हॉटेलात भांडी घासणारे असतात, बिगारी असतात, ओझी उचलणारे असतात. खोलीचं भाडं परवडत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. ‘भायले’ म्हणाल तर भारतात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ने दिलाय, गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर तो संपत नाही. मुंबईच्या १९५९च्या कायद्याने उपजीविकेचं साधन न दिसता सार्वजनिक जागी भटकणं हेसुद्धा भिकेत धरलं आणि त्यापायी पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबण्याची सोय केली. तोच दिल्लीत लागू होता. ऑगस्ट २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली भिकेला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. तो निकाल गोव्यावर बंधनकारक नाही, पण त्याची कारणं इथेही लागू पडतात.

बांबोळीहून
तुम्ही दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल भांडताय. भान हरपून भटकणाऱ्यासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे, त्याचं कलम १०० वाचा. मानसिक आजार दिसतोय आणि स्वतःची काळजी घेता येत नाही, असं पोलिसांना सकारण वाटलं तर त्याला संरक्षणात घ्यायचं, कारण त्याला सांगायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं ठाण्यावर बंधनकारक आहे. आजार नाही असं ठरलं तर बेघरांच्या सरकारी निवाऱ्यात पोचवायचं.

फसतं ते कागदावर. कुठे सापडला, अंगावर काय होतं, कोणती भाषा बोलत होता हे लिहिलं नाही, तर पुढे घर सापडायचं कसं? ११२ला फोन करणाऱ्यानेही ‘एक वेडा आहे’ एवढंच सांगून ठेवू नये. गाड्यांमध्ये शिरतो, पायाला जखम आहे, दोन दिवस जेवलेला नाही, असं जे दिसतं ते सांगावं. आणि अळ्यांवर रॉकेल ओतू नका, जखम भाजते.

म्हापशेकार
मग तेच म्हणतोय ना, सगळ्यांना सरसकट न्या, डॉक्टर बघून घेतील.

बांबोळीहून
सरसकट नेण्यातच माणसं दगावतात. रोज फेणी-हुर्राक पिणाऱ्याला संध्याकाळी निवाऱ्यात कोंडलं की सकाळपर्यंत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास आणि वात, म्हणजे भान सुटून बरळणं. निवाऱ्याचा वॉचमन म्हणतो, ‘तमाशा करतोय.’ ती इमर्जन्सी असते, १०८ बोलवायची. दवाखान्यातही उपाशी दारुड्याला आधी थायमिनचं, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. तुमच्या गाडीत हे कोण बघणार?

सावळी
शिवाय निवारा म्हणजे काय, तेही ठरवा. २०२४मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत लाख वस्तीमागे शंभर जणांचा कायम निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि बारा महिने चोवीस तास उघडा, असं होतं. आठला फाटक लावलं तर हॉटेलातून अकराला सुटणारा माणूस कुठे जाईल? नवरा-बायकोला वेगळं करतात, कुत्रं आत घेत नाहीत, गाठोडं ठेवायला कुलपाची पेटी नसते. आपण मात्र म्हणतो, ‘नेलं तरी पळून जातात.’ आधी ही फाटकं आणि पेट्या नीट करा.

म्हापशेकार
सगळं दिलं तरी नको म्हणाला तर? नदीकाठी मरू द्यायचं?

काणकोण
नको म्हणाला तर नको. घरात राहणाऱ्याला कोणी विचारतं का, या खोलीत का झोपतोस म्हणून? आणि घराचा पत्ता मिळाला म्हणून पोचवलंच पाहिजे, हेही मला पटत नाही. मारहाणीतून निघालेल्या बाईचा पत्ता नवऱ्याला देणं म्हणजे तिला परत त्याच्या हाती देणं. आधी तिला विचारा.

बांबोळीहून
बाईबद्दल सहमत. पहिल्या मुद्द्यावर अर्धाच. मानसिक आरोग्याच्या त्याच कायद्याचं कलम ४ विचारतं, माणसाला माहिती कळते का, परिणामांची जाण आहे का, निर्णय कळवता येतो का. निर्णय दुसऱ्याला चुकीचा वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही असं धरायचं नाही, हेही तिथेच आहे. तेव्हा कुत्र्यासाठी निवारा नाकारणारा शाबूत आहे. ‘जेवणात विष घालतात’ म्हणून पाच दिवस उपाशी असलेल्याला तपासणीला न्यावंच लागेल. दाखल केलं तरी आधाराने, म्हणजे रुग्णाच्या वतीने त्याच्या प्रतिनिधीने अर्ज करून, दाखल करण्याची मुदत सुरुवातीला तीस दिवसांची असते, जन्मठेप नव्हे.

काणकोण
आणि तीसच्या पुढे वाढवायचं तर?

बांबोळीहून
दोन मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाची संमती घ्यायची.

काणकोण
आढावा मंडळाच्या बैठकीत त्या माणसाच्या बाजूने बोलायला कोण असतं, ते सांगा. तोवर ‘न्यावंच लागेल’ला माझी हरकत कायम.