धोक्याची सूचना तुमच्यापर्यंत कशी पोचली? अनुभव लिहा

मुठाकाठची
काल दुपारी घरातले तिन्ही फोन एकदम किंचाळले. तो नेहमीचा टिंगटिंग आवाज नाही, अंगावर येणारा. मुठेच्या पात्रात धरणाचं पाणी सोडणार, नदीकाठी जाऊ नका, असा इशारा होता. सासूबाईंनी निवडत असलेली मेथी तिथेच टाकली, कागदपत्रांची पिशवी उचलली आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो! पण त्यांना काही बोलायची सोय नाही. १२ जुलै १९६१ ला त्या चौथीत होत्या, घर पुण्यातच, नारायण पेठेत. पानशेत धरण सकाळीच फुटलं होतं, पण त्यांच्या वाड्यात ते कळलं सायकलवरून ओरडत जाणाऱ्या एका अनोळखी माणसाकडून. त्यांच्या आजीने पोरांना घेतलं आणि चुलीवरचा भात तसाच ठेवून निघाली. नंतर खडकवासलाही फुटलं. संध्याकाळी 'आणखी पाणी येतंय' अशी आवई उठली आणि सगळे पुन्हा पर्वतीकडे पळाले. ती आवई खोटी निघाली. पण त्या सांगतात, खरं सांगणारा आणि खोटं सांगणारा सारख्याच आवाजात ओरडत होते.

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत जुलै २०२४ ला पहाटे पाणी शिरलं तेव्हा बातमी दिली दूधवाल्याने. पाण्यातून चालत आला, पिशव्या हातात. आधी रात्रीच कुठल्याशा ग्रुपवर 'विसर्ग वाढवून अमुक क्युसेक' असं आलं होतं म्हणे. वाचलेल्यांनाही त्यातून काही उमगलं नव्हतं.

राज्यभर एकच इशारा यंत्रणा हवी असं हल्ली सगळेच म्हणतात. ती कशी हवी, हे मला तुमच्या अनुभवांतून वाचायचंय. पूर, दरड, वादळ, लाईट जाणं, काहीही चालेल.

गोट्या_कोथरूड
पहिला! भिडे पूल पाण्याखाली गेला हीच आमची यंत्रणा. टीव्हीवर तो दिसला की पावसाळा सुरू.

निशा_वारजे
वाचतेय. कुकर लावून येते.

कृष्णाकाठ
मी मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी पुण्यात. तुमच्या क्युसेकची गंमत वाटते. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आयर्विन पूल ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोल्हापूरकरांचा राजाराम बंधारा, ३९ आणि ४३. आमच्या गल्लीत तर कितव्या फुटाला कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं हेही पाठ. २०१९ ला ५७ च्या वर गेलं आणि सगळे आडाखे बुडाले, ते सोडा. पण ४२ झालं म्हटल्यावर आई गाद्या माळ्यावर टाकायला घेते, तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात '३५ हजार क्युसेक' म्हटल्यावर माझ्या घरमालकांनी काय हलवायचं?

मुठाकाठची
@कृष्णाकाठ अगदी हेच! आकडा सांगतात, पायरी सांगत नाहीत.

फ्यूजतात्या
वीज क्षेत्रात नोकरी केली, आता निवृत्त. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. ३५ हजार म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाक्या आठवा, तशा हजार टाक्या दर सेकंदाला रिकाम्या होतायत.

आता तुमचे फोन का किंचाळले ते. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. साध्या एसएमएसला नंबरांची यादी लागते, एकेक करून जातात, गर्दी झाली की तुंबतात. ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम हाक मारतो. नंबर कुणाचा, सिम कुठल्या गावचं, काही बघत नाही. २०२३ मध्ये 'हा चाचणी संदेश आहे' म्हणून सगळ्यांचे फोन वाजले होते ते हेच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' यंत्रणा आहे, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने बांधलेली. हवामान खातं, धरणांवर लक्ष ठेवणारे, राज्याची आपत्ती यंत्रणा, सगळ्यांनी एकाच साच्यात इशारा द्यायचा आणि तो मोबाईल, टीव्ही, रेडिओ सगळीकडे जायचा, अशी कल्पना. म्हणजे नळ बसवलेला आहे. त्यातून काय सोडायचं आणि किती वेळेवर, ते माणसाच्या हातात.

अजून एक. पुराच्या इशाऱ्यात विजेचं वाक्य असलंच पाहिजे. जुलै २०२४ ला त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडीत हातगाडी हलवताना तिघे शॉक लागून गेले. पार्किंगमध्ये पाणी यायच्या आत मीटररूमचा मेन स्विच पाडा, पाणी आल्यावर तिकडे फिरकू नका. दोन ओळी आहेत फक्त.

चकलीचं_भांडं
२०२३ च्या त्या चाचणीच्या वेळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. चाळीस फोन एकदम. साहेबांना वाटलं आम्ही मुद्दाम केलं 😂

गोट्या_कोथरूड
आमच्या बाबांनी त्याला 'ओके, धन्यवाद' असं उत्तर पाठवायचा प्रयत्न केला होता.

प्राजक्ता_भाडेकरू
लाईटचा अनुभव. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाणार असेल तर आदल्या दिवशी मेसेज येतो, हे मला पुण्यात तीन घरं बदलल्यावर कळलं. कारण मेसेज जातो बिलावर नोंदवलेल्या नंबरला. बिल घरमालकांच्या नावावर, मालक न्यू जर्सीत. ते सज्जन आहेत, फॉरवर्ड करतात, पण त्यांना सवड मिळाल्यावर. तोवर इथे मी शाम्पू लावून नळाकडे बघत उभी, कारण पंप बंद.

हसण्यावारी नेलं तरी खाली ८० वर्षांच्या काकू ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. अचानक लाईट गेली की त्यांचा मुलगा ऑफिसातून गाडी दामटत येतो. त्या घराला 'किती वेळ जाणार' हे कळणं आणि मला कळणं एकसारखं नाही. असे पेशंट कुठल्या घरात आहेत याची यादी आधीच हवी आणि त्यांना माणसाने फोन करायला हवा. मेसेज नाही. फोन.

फ्यूजतात्या
@प्राजक्ता_भाडेकरू ग्राहक क्रमांकाला आपला नंबर जोडता येतो, मालकांशी बोलून करून घ्या. काकूंसाठी इन्व्हर्टरवर विसंबू नका, भरलेला सिलिंडर घरात ठेवायला सांगा. बाकी ठरवून घेतलेल्या कामाचं आधी सांगता येतं, बिघाडाचं नाही. फेब्रुवारी २०२२ ला पहाटे धुक्यात लोणीकंद-चाकणकडच्या अतिउच्च दाबाच्या ४०० केव्ही वाहिन्या ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, निम्मं पुणे आणि पिंपरी-चिंचवड अंधारात. अशा वेळी आधी सांगणं अशक्य. पण पुढच्या पंधरा मिनिटांत 'मोठा बिघाड आहे, दुपारपर्यंत धरून चाला' एवढं सांगता येतं ना? लोकांना अंधाराचा राग नसतो हो, अंदाज नसल्याचा असतो.

निशा_वारजे
त्या दिवशी आमच्याकडे पाणीही नव्हतं. पंपिंगच बंद.
कोणता इन्व्हर्टर चांगला? बॅटरी ट्यूब्युलर घेऊ का?

चकलीचं_भांडं
ट्यूब्युलरच घे. विपू (विचारपुशीतला निरोप) बघ.

श्रीवर्धनची_लेक
माहेर कोकणात. निसर्ग वादळाच्या आधी, ३ जून २०२०, इशारे उत्तम आले होते, खोटं का बोला. गावात रिक्षा फिरली, कच्च्या घरातली माणसं शाळेत हलवली. आईशी माझं सकाळी बोलणं झालं, 'वारा सुटलाय, ठेवते.' आणि मग काहीच नाही. खांब आडवे, टॉवर बंद. मी इथे पुण्यात फोन लावत बसले. इथेही झाडं पडली होती, पण माझं लक्ष कशात असणार. शेवटी गावातला एक मुलगा मोटरसायकलवरून माणगावकडे रेंज शोधत आला, त्याने सगळ्यांच्या घरी निरोप दिले. वहीत नंबर लिहून आणले होते बिचाऱ्याने.

म्हणजे वादळ यायच्या आधीचं सगळं झकास, वादळानंतरचं शून्य. लाईट कधी येणार, पाणी कुठे मिळतंय, छपराचे पत्रे कुठे वाटतायत, हे सांगायला फोन नव्हते आणि फोन चार्ज करायला लाईट नव्हती. आता वडिलांना सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन दिलाय. ते त्यावर नाट्यसंगीत ऐकतात.

कृष्णाकाठ
❤️ त्या मोटरसायकलवाल्याला.

मुठाकाठची
वाचून काटा आला गं. आई-बाबा बरे आहेत ना?

श्रीवर्धनची_लेक
हो हो, ठणठणीत. नारळ-सुपारीच्या बागेचं मात्र विचारू नकोस.

कसब्यातला_जोशी
सगळं ठीक आहे, पण इशारे फार झाले की कुणी बघत नाही. पिवळा, नारिंगी, लाल. हवामान खात्याच्या सिमला ऑफिसने नारिंगी दिला की आमची चिरंजीव मंडळी फक्त 'शाळेला सुट्टी का?' एवढंच विचारतात. शिवाय सोसायटीचा ग्रुप! विसर्गाचा मेसेज रात्री पडला, त्यावर लगेच कुणाचा तरी वाढदिवस. सत्तर केकांखाली धरण गाडलं गेलं.

गोट्या_कोथरूड
सत्तर केक 😂😂

दामिनी_फॅन
पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप कुणी वापरतं का? वीज पडायची शक्यता आपल्या आसपास असेल तर दाखवतं. भाऊ शिरूरकडे शेती करतो, ढग आले की आधी फोन बघतो मग बैल सोडतो. आंब्याखाली उभं राहायची सवय मात्र मजुरांची अजून जात नाही.

आंबेगावकर
माळीणचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ३० जुलै २०१४. डोंगर खाली आला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं कसं, तर एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या फेरीला आला आणि गाव जागेवर नव्हतं. त्याने खबर दिली. जे आत होते त्यांना फोन करायला उसंतच मिळाली नाही. आमच्या भागात आता पाऊस सलग लागला की म्हातारी माणसं झऱ्याचं पाणी गढूळ झालं का, बांधाला भेग पडली का, बघून येतात. हेही यंत्रणेत आलं पाहिजे. वरून खाली इशारा येतो तसा खालून वरही जायला हवा. कुणी 'भेग पडलीय' म्हणून कळवलं तर ते घेणारा कोण?

मुठाकाठची
@आंबेगावकर हे फार महत्त्वाचं. तुमच्याकडे तशी काही सोय आहे का?

आंबेगावकर
काही गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. गावातला माणूस एका टोल फ्री नंबरवर फोन करून आपल्या आवाजात सांगतो, आणि तोच आवाज नोंदवलेल्या सगळ्या फोनवर जातो. वाचता येत नसलं तरी चालतं. आवाज ओळखीचा असतो, त्यामुळे थापा मारणारा कोण हेही कळतं. चोर, आग, बिबट्या, सगळ्याला वापरतात.

कसब्यातला_जोशी
शहरात चालेल का हे? आमच्या वाड्यात ओळखीचा आवाज म्हणजे फक्त अध्यक्षांचा, आणि तो आला की सगळे फोन ठेवतात.

प्राजक्ता_भाडेकरू
वॉचमनला द्या. आमचे वॉचमन दादाच सगळ्यांना उठवतात. पण त्यांना मराठी वाचता येत नाही, इशारा हिंदीतही हवा.

चकलीचं_भांडं
बिबट्यावरून आठवलं. आत्याबाई ओतूरहून कोथरूडला आल्या, नंबर तोच. रात्री अडीचला फोन, 'उसाच्या कडेला बिबट्या आहे, बाहेर पडू नका.' आत्याबाईंनी आम्हा सगळ्यांना उठवून बाल्कनीची दारं लावायला लावली.

गोट्या_कोथरूड
कोथरूडला गवा आला होता २०२० मध्ये, बिबट्याचं काय घेऊन बसलात. आत्याबाईंचं बरोबर आहे.

निशा_वारजे
ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती दिवसांनी घालायचं?

फ्यूजतात्या
महिन्याला पातळी बघा, खाली गेली असेल तरच घाला. नळाचं नको.