मदत हवी आहे: मुलं-मुली मिळून वृंदगान, पण पट्टी कुणाची धरायची?

तासिकावाली

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज गळ्याशी आलंय म्हणून लिहायला बसले.

मी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. (कोणतं ते विचारू नका, पुढच्या वर्षी परत अर्ज करायचाय.) गायनाला आम्ही तिघं, तबल्याला एक सर, सतारीच्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. यंदा विभागप्रमुखांच्या मनात आलं की विभागाचा स्वतःचा वृंद हवा. दीक्षान्त समारंभाला दहा मिनिटं सादर करायचं आणि त्यातूनच युवक महोत्सवाचा समूहगीताचा संघ काढायचा. "तुम्ही तरुण आहात, तुम्ही बघा," म्हणत त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. फाइलीत एकच कागद, त्यावर १४ नावं. गाणाऱ्या मुली ६, गाणारे मुलगे ४, तबला २, सतार १, बासरी १.

पहिल्या तालमीला पेटी पुढ्यात घेऊन मी एकेकाला पट्टी विचारली, म्हणजे पेटीची कोणती काळी-पांढरी कळ सा धरून गाता ते. मुली म्हणाल्या काळी चार, काळी चार, पांढरी पाच, काळी पाच... मुलगे काळी एक आणि पांढरी दोन. सतार काळी एकला मिळवलेली. बासरीवाल्याने पिशवीतून बासरी काढली ती पांढरी तीनची, आणि त्याच्याकडे तेवढी एकच आहे. माझं बोट पेटीवर तसंच अधांतरी राहिलं.

आधी मुलींची काळी चार धरली. मुलगे खालच्या सप्तकात गायले तर मुखडा बुडतो, वरच्यात गेले तर अंतऱ्याला मानेच्या शिरा फुगतात. मग काळी एक धरली. मुखडा छान झाला, पण अंतऱ्यात तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, आला आणि मुलींची किंकाळी निघाली. मधली म्हणून काळी तीन घेतली तर दोन्ही बाजू रुसल्या, आणि सतारीच्या बाई म्हणाल्या, "एवढी चढवली तर तार तुटेल, ती कोण देणार?" वर त्यांचं म्हणणं असं की आपलं संगीतच एकट्याचं, हे कोरस-बिरस आपलं नव्हे.

दुसरी अडचण. माझी एक विद्यार्थिनी, उत्तम गळा, तिसऱ्या ओळीच्या शेवटी हटकून मुरकी (दोन-चार स्वरांची झटपट गिरकी) घेते. नऊ जण सरळ उतरतात आणि हिची मुरकी वर तरंगत राहते. सांगितलं तर म्हणते, "मॅडम, ती आपोआप येते."

शिवाय याच तालमी दोन क्रेडिटच्या सह-अभ्यासक्रमात धरायच्या आहेत, म्हणजे सत्राला ६० तास. चौदा जणांनी मिळून केलेल्या गोष्टीचे चौदा वेगळे गुण कसे द्यायचे?

कुणी असा वृंद बांधला असेल तर कृपया सांगा.

बेसूर_बापू

सोपं आहे. कराओके ट्रॅक घ्या, मोबाइलवर ट्रान्सपोज करा, लावा. हाकानाका.

निवृत्त_मास्तर

बापू, ट्रॅकची पट्टी बटणावर बदलेल. गळ्याला बटण कुठे शोधणार?

बाई, तुम्ही आधी पट्टी ठरवताय आणि मग गाण्याची चीज. उलट करा. हाताशी जे गीत आहे ते कागदावर मोजा, सर्वांत खालचा स्वर कोणता आणि वरचा कोणता. मैफलीतल्या बंदिशी एका गळ्यासाठी बांधलेल्या असतात, अंतरा तार गंधार-मध्यमापर्यंत जाणारच. वृंदाला तसलं गीत घेऊच नका.

काळी एकच ठेवा. मुलगे त्यांच्या सप्तकात, मुली बरोबर एक सप्तक वर. आता बघा, मुलींचा रोजचा सा काळी चारचा, तो इथे मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प होतो. म्हणजे त्यांना मंद्र पंचमापासून तार सा, फार तर तार रे, एवढी जागा आरामात मिळते. मुलग्यांनाही तीच. चाल या चौकटीत बसली तर कुणीच ओरडणार नाही. एखादी ओळ तार गंधारावर जातच असेल तर ती फक्त मुलग्यांना द्या. त्यांचा तार गंधार मुलींच्या मध्य सप्तकात पडतो, मुलगे तो रोज लावतात. मुलींनी त्या वेळी खाली नुसता सा किंवा पंचम धरून ठेवायचा. त्याने वजन येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाईंनी फार विचार करून रचना केली आहे.

आणखी एक. पेटी त्यांच्याबरोबर सतत वाजवू नका. पेटी वाजली की पोरं पेटी ऐकतात, एकमेकांना ऐकत नाहीत. पहिला महिनाभर नुसता तंबोरा.

ढाला_तबला

मास्तरांना अनुमोदन. तबल्यापुरतं सांगतो. काळी एक धरणार असाल तर साडेपाच इंची तोंडाचा तबला पुरेल. काळी चारला ढाला लागला असता, मोठ्या तोंडाचा, आणि तो विभागात असला तरी त्याची शाई (पुडीवरचा काळा लेप) उडालेली असते हा माझा अनुभव. दोन तबलजी आहेत म्हणून दोघांना एकदम ठेका देऊ नका. एकाला तबला, दुसऱ्याला टाळ, मंजिरी नाहीतर ढोलकी. दोघांच्या 'धा'मध्ये जरा जरी फट पडली तर सगळा वृंद लंगडतो.

बासरीवाल्याची खरी पंचाईत आहे. पांढरी तीनच्या बासरीवर काळी एकचा सा म्हणजे तिचा धैवत. भूप राग घेतलात तर तुमचा गंधार तिथे कोमल रिषभ होतो, म्हणजे अर्ध्या भोकावर. संथ लयीत जमेल, पण द्रुतात पोरगा फसेल. त्याला काळी एकची बासरीच हवी.

झीलकरी

सतारीच्या बाईंना सांगा, एकदा दिंडीत चालून या. एक वीणेकरी, एक पखवाज, दोन्ही बाजूंनी टाळकरी, शेपन्नास माणसं. चरण एक जण म्हणतो, ध्रुपद सगळे उचलतात. कुणी वरच्या सप्तकात, कुणी खालच्या, आणि पट्टीवरून भांडण नाही. शाहिराच्या मागचे झीलकरी काय करतात? शाहीर दमला की 'जी रं जी जी' त्याच सुरावर उचलून त्याला श्वास घ्यायला जागा देतात. तमाशात तेच काम सुरत्ये करतात. आमच्या घरी तीन पिढ्या हेच चाललंय, आणि कुणी आम्हाला हे आपलं संगीत नाही असं म्हटलेलं नाही.

वाद्यवृंदही काही कालचा नाही. मैहरला अलाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ पोरांचा बँड उभा केला. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ चा, रविशंकर त्याचे संचालक, म्हणजे साक्षात सतारियाच! १९५८ मध्ये सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर काढला. बाईंना हळूच सांगा हं, वाद घालू नका, तारा त्यांच्याच हातात आहेत.

मडगावची

आम्ही लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गायलो, तिथे चार आवाज वेगळे असतात. गोव्याचा मांडोसुद्धा दोन आवाजांत म्हणतात. पण तासिकावाली, तो मोह रागाच्या गाण्यात टाळ. मी एकदा भूपाखाली आमच्या सवयीने तिसरे स्वर लावले आणि दुसऱ्याच ओळीत भूपात नसलेले मध्यम आणि निषाद येऊन बसले. शिकवणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. मास्तर म्हणतात तसा धरून ठेवलेला सा-पंचम चांगला.

मुरकीवालीसाठी एक युक्ती. तिला सगळ्यात मागे, मुलग्यांच्या शेजारी उभी कर. खालचा आवाज कानात भरला की माणूस आपोआप सरळ गातो. आणि सगळ्यांना एकदा आवाज न काढता फक्त ओठ हलवून, श्वास बरोबर घेत अख्खं गाणं करायला लाव. श्वास कुठे तुटतो ते तुला दिसेल. आमच्या सरांनी आम्हाला पहिले पंधरा दिवस तेवढंच करायला लावलं होतं, आम्ही रडकुंडीला आलो होतो.

महोत्सवग्रस्त

ताई, गाण्याआधी नियम वाचा. राष्ट्रीय पातळीच्या युवक महोत्सवाला भारतीय समूहगीतात गायक जास्तीत जास्त ६, साथीदार ३, वेळ १० मिनिटं, चित्रपटगीत चालत नाही. वयाची अट २५ ची. तुमचे १४ दीक्षान्तला चालतील, स्पर्धेला नाही. दहा गायकांतून सहा निवडताना चार पालकांचे फोन येणार, तेव्हा दोन्ही कार्यक्रमांचे संघ आत्ताच वेगळे जाहीर करा. आमच्या वेळी शेवटच्या आठवड्यात चौघांना वगळलं. त्यातले दोघे अजून सरांशी बोलत नाहीत. मी त्यातलाच एक.

पंचमात_षड्ज

कुणीच कसं सुचवलं नाही? पंडित जसराजांची जसरंगी. स्त्री आणि पुरुष आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात आणि दोन्ही राग मूर्च्छनेने, म्हणजे तेच स्वर वेगळ्या सा पासून मोजून, एकमेकांत बसतात. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांचं ऐका.

तुमच्याकडे काळी एक आणि काळी चार आहेच, म्हणजे बरोबर सा आणि पंचम. मुलगे काळी एकला भूप गातील. भूपाचा पंचम सा मानला की सा रे म प ध मिळतात, म्हणजे मुलींचा दुर्गा राग झाला. दोघांचे पाचही स्वर तेच, फक्त घर वेगळं. मुलग्यांचा पंचमाचा तंबोरा मुलींना मध्यमाचा लागतो, दुसरा आणायला नको.

निवृत्त_मास्तर

पंचमात_षड्ज, कल्पना सुरेख आहे, पण ती जाणत्या गळ्यांची. शिकाऊ पोरं दुसऱ्याच्या सा कडे घसरतात. बाई, करायचंच तर मध्ये तालाची आठ आवर्तनं करा, तीही आधी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून.

गुणांचं राहिलं. चौदा जणांची परीक्षा एकदम घेऊ नका. तिघातिघांना उभं करा, एक मुलगी, एक मुलगा, एक वादक. तिघांत कुणालाही लपायला जागा नसते. आपला भाग धरून ठेवला का, चुकल्यावर न थांबता परत आत शिरला का, एवढंच बघा. उरलेले गुण हजेरीला. गळा किती गोड आहे याला इथे शून्य गुण, ते तुम्ही गायनाच्या परीक्षेत देताच.

तासिकावाली

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

मास्तर, जुनं गीत टाकून दिलं. विद्यार्थ्यांपैकीच एकाने चार ओळी लिहिल्या, मी भूपात चाल लावली, मंद्र पंचम ते तार रे. काळी एक. पहिल्यांदा सगळे एकदम गायले तेव्हा बाहेर सायकली लावणारी मुलं दारात येऊन उभी राहिली. (आमची खोली सायकल स्टँडला लागून आहे. पंख्याचा आवाजही काळी एकच्या जवळपासच आहे, हा शोध तबल्याच्या सरांचा.)

अंतऱ्याची एक ओळ मुलग्यांना दिली. त्यावर मुली रुसल्या, आम्हाला नुसता सा धरायला का, म्हणून. मग धरलेल्या सा वर चौघींनी श्वास आळीपाळीने कसा घ्यायचा ते बसवलं. आता त्यांना तेच सगळ्यात अवघड वाटतं आणि म्हणून आवडतं.

मुरकीवालीला मागे उभं केलं. तीन दिवस गेली मुरकी. चौथ्या दिवशी तिच्या शेजारच्या मुलग्याने घेतली. आता दोघांना वेगळं केलंय.

भूप-दुर्गा केलं. मास्तर, तुम्ही म्हणालात ना वेगळ्या खोल्या, ते ऐकायला हवं होतं. पहिल्या दिवशी मी मुलींना सा द्यायला पेटीवर काळी चार दाबली आणि चारही मुलगे शांतपणे तिकडे जाऊन बसले. मुली विजयी चेहऱ्याने दुर्गा गात राहिल्या, मुलगेही दुर्गा. भूप कुठेच नाही. आता आधी मुलग्यांचा गट सायकल स्टँडवर तालीम करतो आणि मग आत येतो. आठाऐवजी चार आवर्तनंच ठेवलीत, पण चार बसली.

स्पर्धेचे सहा पहिल्याच आठवड्यात जाहीर केले. दोन फोन आले, चार नाही. महोत्सवग्रस्त, तुमची आठवण काढली.

झीलकरी, सतारीच्या बाईंना मी काही बोलले नाही. परवा त्यांनी स्वतःच विचारलं, "मधल्या चार आवर्तनांत झाला लावू का?" (झाला म्हणजे सतारीवरचं जलद झणकारतं वादन.)

अडलंय ते एकाच ठिकाणी. काळी एकची बासरी. लेखा विभाग म्हणतो, वाद्यखरेदीच्या यादीत 'बासरी, नग १' आधीच आलेली आहे, दुसरी कशाला? पट्टी वेगळी असते हे मी अर्जात लिहून दिलं, तर शेरा आला, 'पट्टी म्हणजे काय ते स्पष्ट करावे.' कुणाकडे काळी एकची बासरी पडून असेल तर दीक्षान्तपुरती उसनी हवी आहे. कुरिअरचा खर्च मी देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ढाला_तबला

आहे माझ्याकडे. तोंडाशी दोरा सुटलाय, बाकी ठणठणीत. व्यनि केलाय, पत्ता पाठव.