विषय: साधा कॅमेरा घ्यायचाय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,
बरेच दिवस डिजिटल कॅमेरा घ्यायचं चाललंय. फोटोग्राफी शिकायची वगैरे नाहीये, ऑटोवर ठेवून बटण दाबणार एवढंच. बाहेर उजेडात फोन झकास काम करतो पण पोरांच्या नाटकाला हॉलमध्ये मागे बसून फोटो काढले की चेहऱ्यांचा नुसता चिखल. एक ४० एक्स झूमवाला बघून ठेवलाय, २० मेगापिक्सेल, हलका आहे. घेऊ का? खोक्यावर इतके आकडे असतात की काही कळेनासं होतं.

---
विषय: रि: साधा कॅमेरा घ्यायचाय, सल्ला हवा

> एक ४० एक्स झूमवाला बघून ठेवलाय

ताई, एवढ्यात घेऊ नका. अंधारा हॉल, लांबचं स्टेज आणि एका जागी न थांबणारी पोरं, नेमकं इथेच हे कॅमेरे मार खातात. एवढा झूम हलक्या बॉडीत बसवायचा तर आतला सेन्सर (उजेड टिपणारी चिप) बारकाच ठेवावा लागतो, बहुतेक वेळा १/२.३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी, चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सरही हल्ली याच्यापेक्षा मोठा असतो.

झूमचा आकडा सोडा आणि लेन्सच्या कडेला बारीक अक्षरात १:३.३-६.४ असं काहीतरी छापलेलं असतं ते वाचा. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. हा आकडा दुप्पट झाला की आत येणारा उजेड चौथाई होतो, म्हणजे स्टेज जवळ आणायला झूम केलात की हॉलमध्ये आधीच कमी असलेला उजेड आणखी घटतो. मग कॅमेरा एकतर शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि पोरगं हललं की फोटो हलतो, नाहीतर आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील राहायचं तो आकडा) चढवतो आणि सगळीकडे दाणे दिसतात. स्टॅबिलायझेशन आहे ना, असं दुकानात सांगतील, पण ते आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचा नाचत असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्यासाठी १ इंची सेन्सरवाला कॉम्पॅक्ट बरा. नावाला १ इंच, खरं माप १३.२ बाय ८.८ मिमी, तरी क्षेत्रफळ त्या बारक्याच्या चौपट. उदाहरणार्थ सोनीचा आरएक्स१०० मार्क ७, २४ ते २०० मिमी (मिमी जास्त तितकं दृश्य जवळ), पूर्ण झूमला एफ/४.५ (लेन्सवरचा तोच उजेडाचा आकडा), वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे झूम साधारण ८ एक्सच, ४० पुढे अगदीच किरकोळ वाटतो, पण २०० मिमीला १५ मीटरवरचा उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकट भरतो. नाटकाला याहून जास्त लागत नाही.

---
विषय: रि: रि: साधा कॅमेरा घ्यायचाय, सल्ला हवा

दादांशी सहमत, फक्त मिररलेसचाही (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) विचार करा असं मी म्हणेन. त्यात बहुधा असणारा एपीएस-सी आकाराचा सेन्सर त्या बारक्याच्या १३ पट मोठा भरतो, फरक डोळ्यांना दिसतो. पण सोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सवर भरवसा ठेवू नका, ती ५५ ला साधारण एफ/५.६ वर येते आणि स्टेज लांबच राहतं. कितीतरी लोक बॉडी घेतात आणि दुसरी लेन्स कधीच घेत नाहीत, मग मोठ्या सेन्सरचे पैसे वाया. घ्यायचीच तर ५० मिमी एफ/१.८ घ्या, सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी असते आणि एफ/५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत घेते. झूम नाही, मान्य. पुढे बसा आणि नंतर क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी-उंची निम्मी केली तरी ६ उरतात, ६ बाय ४ इंची प्रिंटला २ च्या थोडे वर पुरतात. मेगापिक्सेलचा खरा उपयोग मला इथेच दिसतो, बाकी १६ की २० की २४ याचा विचारच करू नका.

---
विषय: रि: रि: रि: साधा कॅमेरा घ्यायचाय, सल्ला हवा

दोघांचे खूप आभार! लेन्स बदलणं माझ्याच्याने होणार नाही, १ इंचीच बघते. पण ऑटोवर ठेवलं तर हॉलमध्ये चालेल ना?

---
विषय: रि: रि: रि: रि: साधा कॅमेरा घ्यायचाय, सल्ला हवा

चालेल, पण दोन गोष्टी शिकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. डायल एस किंवा टीव्ही (Tv) वर फिरवा, म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तुम्ही ठरवता, शटर १/२५० सेकंद करा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. थोडे दाणे आलेले परवडतात, हललेला चेहरा परत मिळत नाही. दुसरं, स्टेजवर मागे काळोख आणि तोंडावर झगझगीत लाइट असला की कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरेफटक करतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) मायनस १ करायचं. सायलेंट मोड (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर) मोहात पाडतो पण एलईडी लाइटखाली त्याने फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, तसं दिसलं तर मेकॅनिकल शटर लावा, या कॉम्पॅक्टांचा आवाज तसाही फारसा होत नाही.

आणि दुकानात जाताना स्वतःचं एसडी कार्ड न्या. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पूर्ण झूम करून चालत्या माणसाचे फोटो काढा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे द्या.