मदत हवी आहे: जर्मनीत नर्सची नोकरी, सोबत कुटुंब

नमस्कार. मी जीएनएम नर्स, सांगलीत आयसीयूला आहे. जर्मन भाषेची बी१ पातळी झालीय, नाइट ड्युटी संपवून पुढच्या बी२ पातळीचा अभ्यास चालू आहे. तिकडे आपल्या शिक्षणाला मान्यता घ्यावी लागते. तिथल्या आणि आपल्या अभ्यासक्रमात तफावत निघाली तर परीक्षा द्या किंवा रुग्णालयातच पुढचं प्रशिक्षण पूर्ण करा. माझी अडचण इथेच आहे. त्या काळात नवरा आणि चौथीतली मुलगी सोबत येऊ शकतात का, की पूर्ण मान्यतेपर्यंत थांबावं लागतं? हे आयटीआय फिटर, सध्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर आहेत. भाषा कच्ची असताना यांना काम मिळेल? एजंट आधीच पैसे मागतोय, ते मला अजिबात पटत नाही. मुलाबाळांसह गेलेल्या ताई-दादांनी कृपया सविस्तर लिहा. मुलांना शाळेत भाषेचं कसं जमलं, तेही सांगा.