नुसते शोधनिबंध नव्हेत

राजकीय हिंसाचारावर संशोधन म्हणजे नुसती शोधनिबंधांची भर, असं कुणी कुणी म्हणतं. अजिबात पटलं नाही. दिल्ली विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांचंच बघा. १९९० पासून छत्तीसगडमधल्या बस्तरचा अभ्यास. सलवा जुडूम, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्याने चाललेली सशस्त्र मोहीम. तिच्याविरुद्ध २००७ मध्ये त्यांनी इतिहासकार रामचंद्र गुहा वगैरेंसोबत याचिका केली. पाचवी शिकलेल्या आदिवासी पोरांना महिना ३००० रुपयांवर विशेष पोलीस अधिकारी करून माओवाद्यांसमोर उभं करणं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. पुढे २०१६ मध्ये सुंदर यांच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. २०१९ मध्ये पुराव्याअभावी नाव वगळलं. बस्तरमध्ये असं संशोधन करायला येणाऱ्यांनी आधी गोंडी, हलबी या तिथल्या भाषा शिकाव्यात. आणि माहिती देणाऱ्याचं खरं नाव वहीत कधीच लिहू नये, वही जप्त होऊ शकते.