भाड्याने ठाण्यात आलात, तर पत्ता बदलायचा की नाही?

घोडबंदरकर
नव्याने ठाण्यात आलेल्यांना काल इथे एकाने सल्ला दिला: "आधार, मतदान, सगळं गावचंच राहू द्या, देशभर चालतं. भाडेकरूने पत्ता बदलून काय मिळवायचं?" वाचून राहवलं नाही. आधार ओळख म्हणून कुठेही चालतं, मान्य. मत कुठेही चालत नाही. महापालिकेची प्रभागयादी विधानसभेची यादी फोडूनच होते. नवी मुंबईत 2015 नंतर आणि ठाण्यात 2017 नंतर थेट जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली, आणि यादी धरली 1 जुलै 2025 ची. त्या तारखेपर्यंत ज्यांनी नाव हलवलं नव्हतं ते पाणी, कचरा, खड्डे सगळं इथलं भोगतात, पण नगरसेवक निवडताना त्यांना जागाच नव्हती.

नाव हलवायला फॉर्म 8 भरा, 6 नाही. 6 फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. स्थलांतरित माणूस तो भरतो आणि दोन ठिकाणी नाव राहतं. ते बेकायदा आहे. फॉर्म 8 मध्ये कार्डाचा नंबरही तोच राहतो.

कृष्णाकाठ
तो सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 वाचा. तात्पुरता बाहेर असलेला माणूस गावचा रहिवासी राहतो. नोकरीसाठी आलेल्याचा भाडेकरार 11 महिन्यांचा. आज कळवा, पुढच्या वर्षी खारघर. खारघरला गेला की जिल्हाच बदलतो, रायगड, विधानसभा पनवेल. दरवर्षी कागद नाचवायचे? ग्रामपंचायतीचं एकेक मत मोलाचं असतं, ते घालवायला सांगणारे तुम्ही कोण?

घोडबंदरकर
त्याच कलमात हेही आहे की गावात नुसतं घर मालकीचं असणं पुरेसं नाही. सहा-सहा वर्षं इथे संसार, मुलांची शाळा इथे, याला तात्पुरतं म्हणायचं? आणि नाव हलवलं म्हणून सातबारा जात नाही. डोमिसाइलची (अधिवास दाखल्याची) 15 वर्षं महाराष्ट्रातली मोजतात, गावातली नाही. ही भीती पसरवणं थांबवा.

बेलापूर_सेक्टर
गाडीचंही कुणीतरी बोला. राज्यातल्या राज्यात एमएच 09 (कोल्हापूर) चा एमएच 43 (नवी मुंबई) करायची गरज नाही, आरसीवरचा पत्ता फॉर्म 33 ने बदलतो. परराज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली, तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म 28, आणि इथे नवा नंबर. कर इथे आधी भरावा लागतो, तिकडचा परतावा वेगळा मागावा लागतो, म्हणून लोक टाळतात.

कागदपत्रवाला
गाडी बाजूला ठेवा. भाडेकरूला आधारवरचा पत्ता बदलणंच अवघड, कारण वीजबिल आणि गॅसबिल घरमालकाच्या नावावर. उरतो नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरार. घरमालक नोटरीचा कागद हातात देतात आणि तो नाकारला जातो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांवरच्या शाळाप्रवेशालाही नोंदणीकृतच लागतो, आणि तोही अर्जाच्या आधीचा. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नसतो.

वाशी_फ्लॅटमालक
घरमालकाला खलनायक ठरवणं सोपं आहे. भाडेकरूने फ्लॅटच्या पत्त्यावर आधार आणि मतदार नोंदणी केली की उद्या तो "इथला रहिवासी" म्हणून बसतो. मग वर्षानुवर्षं कोर्टात. आम्ही का धोका घ्यायचा?

कागदपत्रवाला
धोका तुमच्या नोटरीत आहे! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय 5000 पर्यंत दंड किंवा तीन महिने कैद. नोंदणी केली, तर कलम 24 खाली मुदत संपताच घर रिकामं करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि न हलणाऱ्याकडून दुप्पट भाडं. आधारवरचा पत्ता म्हणजे मालकी नव्हे, कुळाचा हक्कही नव्हे.

खर्चाचं म्हणाल तर 25,000 भाडं, 11 महिने, 1 लाख डिपॉझिट: 2,75,000 अधिक डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी सुमारे 9,170, त्यावर 0.25 टक्के मुद्रांक, म्हणजे साधारण 710 रुपये. वर नोंदणी फी 1000. एजंटचे पैसे वेगळे.

वाशी_फ्लॅटमालक
कलम 55 चं मान्य करावं लागेल, पटत नसलं तरी. पण भाडेकरू गेल्यावर त्याची पत्रं आणि वसुलीवाले आमच्या दारात येतात, त्याचं काय?

घोडबंदरकर
मतदारयादीतलं त्याचं नाव कमी करायला तुम्हीच, तिथले मतदार म्हणून, फॉर्म 7 भरू शकता. आधार मात्र त्यालाच बदलावं लागेल. हा त्रास खरा आहे.

कृष्णाकाठ
मत मी गावीच ठेवणार, यावर बोलणं संपलं. आधारचं तेवढं मान्य. पण करार एकाच्या नावावर असला की बायकोचा अर्ज फेटाळतात, त्यावर कुणी बोललं नाही.

कागदपत्रवाला
त्यासाठी कुटुंबप्रमुखाधारित बदल आहे. आधी नवऱ्याचं आधार करारावर बदलून घ्या. कराराची सगळी पानं स्कॅन करा, नाव आधारवर आहे तसंच हवं. मग बायकोच्या अर्जात त्याचा आधार नंबर आणि नात्याचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र किंवा रेशनकार्ड. त्याने 30 दिवसांत ऑनलाइन संमती द्यायची. बरेच अर्ज इथेच मरतात, कारण नवऱ्याचा मोबाइल आधारला जोडलेला नसतो.