मदत हवी आहे: नव्वदच्या पॉपच्या कॅसेट पुन्हा वाजवायच्यात
नमस्कार मंडळी, परळच्या घरी माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या जुन्या कॅसेट सापडल्या, अलिशा चिनॉयची १९९५ची ‘मेड इन इंडिया’, लकी अलीची १९९६ची ‘सुनोह’, कलोनियल कझिन्स, सगळं जसंच्या तसं. माझी भाची कॉलेजात आहे, तिच्या जन्माच्या आधीची ही गाणी, पण ‘सुनोह’मधलं ‘ओ सनम’ तिला तोंडपाठ, लोकलमध्ये कानात तेच चालू असतं, आणि आता तिला ते कॅसेटवरच ऐकायचंय. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण टेपरेकॉर्डरचा बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झालाय. शेजारच्या काकांच्या प्लेअरवर ‘सुनोह’ लावली तर आवाज एकदम दबका येतो, बघितलं तर कॅसेटमधला, फीत प्लेअरच्या हेडवर दाबून धरणारा तो फेल्टचा इवलासा तुकडाच गळून पडलाय.

लॅमिंग्टन रोडला हे बेल्ट अजून मिळतात का, फेल्ट दुसऱ्या कॅसेटमधून काढून लावता येतो का, आणि फितीवर पांढुरकी बुरशी दिसतेय ती कशाने पुसायची? कोणी घरी केलं असेल तर प्लीज नीट सांगा, दुसरी कॉपी नाहीये माझ्याकडे.